उरलेली कातडी

तीन माणसांची लिफ्ट होती आणि आत दोनच माणसं उभी होती. तरी वरच्या कोपऱ्यातली घंटी वाजायला लागली आणि दार काही मिटेना. लिफ्ट दुरुस्त करणारे मेस्त्री, त्यांचा जोडीदार आणि पायाशी हत्यारांची पेटी. जोडीदार निमूटपणे बाहेर पडला, तेव्हा घंटी थांबली. "तू पुढे हो, मी जिन्यानं येतो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कंपनीभर झाली आणि मेस्त्रींचं नाव 'ओव्हरलोड' पडलं.

हा जोडीदार म्हणजे 'पक्कड'. त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा खिशातून पक्कड डोकावत होती, म्हणून हे नाव. दोघं तरुणपणापासून एकत्र काम करत होते. कंपनीत कुणालाच खरं नाव उरलेलं नव्हतं, त्यामुळे मेस्त्रींनी आपलंही हसत घेतलं. जाड माणसाला हसतच घ्यावं लागतं. नाहीतर लोक म्हणतात, बघा, वरून चिडकाही आहे.

वजन काही एका दिवसात चढलं नव्हतं. लिफ्टवाला ज्या इमारतीत जाईल तिथे कुणीतरी चहा देतं, चहाबरोबर बिस्किटं येतात. जेवायला वेळेवर मिळत नाही, मग रात्री घरी आल्यावर माणूस दिवसभराचं भरून काढतो. तिशीत पोट सुटलं, पस्तिशीत पट्टा पोटाखाली गेला, चाळिशीत मेस्त्रींना स्वतःच्या बुटांची नाडी दिसेनाशी झाली. बायको सकाळी दारात वाकून नाडी बांधून द्यायची आणि तिच्या दुकानात जायची. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती.

मग तो झडपेचा प्रसंग घडला. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टची मोटर गच्चीखालच्या खोलीत होती. तिथे जायला भिंतीला लोखंडी शिडी आणि वर एक चौकोनी झडप. मेस्त्री नेहमी आधी हात वर घालायचे, श्वास सोडायचे आणि अंग आत ओढून घ्यायचे. त्या दिवशी छातीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. वर जाता येईना, खाली येता येईना. पक्कडने आधी खालून ढकलून पाहिलं, मग पाय धरून ओढून पाहिलं. रखवालदार भांडी घासायचा पातळ साबण घेऊन आला. एवढ्यात लक्षात आलं की बंद पडलेल्या लिफ्टमध्ये एक बाई अडकलेल्या आहेत आणि त्या घाबरून दार बडवतायत. मेस्त्री वरूनच ओरडले, "बाई, घाबरू नका. मीही अडकलोय. आधी कोण सुटतंय बघू." बाई आतून हसल्या. मग दोघं आपापल्या जागी अडकल्या अडकल्या बराच वेळ बोलत राहिले. नवऱ्याचं, गुडघेदुखीचं, कशाकशाचं. साबणाने मेस्त्री आधी सुटले.

साहेबांना दोन्ही गोष्टी कळल्या. मेस्त्री आता झडपेतून जात नाहीत, आणि मेस्त्री अडकलेल्या माणसाशी छान बोलतात. त्यांनी मेस्त्रींना फोनवर बसवलं. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की जो आवाज "बोला" म्हणतो, तो आवाज मेस्त्रींचा झाला.

काम बसून होतं, पगार तोच होता, आणि लोक खरंच त्यांच्या आवाजानं शांत व्हायचे. पण मेस्त्रींचा जीव शाफ्टमध्ये, लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या बोगद्यात होता. लिफ्टच्या छतावर उभं राहून अंधारात वर बघायचं, दोरांना बोट लावून ताण ओळखायचा, तेलाचा तो वास. फोनच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. पहिल्याच वर्षात वजन आणखी वाढलं. रक्त तपासलं तर साखरही निघाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाच्या माणसाला मी घाबरवत नाही. पण तुम्हाला घाबरवतोय."

मेस्त्री घाबरले. त्यांनी एकच साधी गोष्ट ठरवली, की लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. कंपनी चौथ्या मजल्यावर होती. पहिल्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसले, आणि वर जाणारी माणसं थांबून विचारायला लागली, "लिफ्ट बंद आहे का?" तेही लिफ्टच्या कंपनीत. पण ते रोज चढले. बायकोनं डबा बदलला. उकडलेल्या भाज्या, अंडी, सूप. साखर घरातून गेली, बिस्किटं गेली. घरात सासूबाई राहायच्या, मेस्त्रींच्या बायकोची आई. त्यांनी आपला बिस्किटांचा डबा स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. पुढे मेस्त्री चालायला लागले, आधी कोपऱ्यापर्यंत, मग नदीच्या पुलापर्यंत, मग पुलावरून पलीकडे. या सगळ्याला तीन वर्षं लागली. मधे एकदा दहा किलो परत आले, तेही पुन्हा घालवले. शेवटी साठेक किलो उतरले आणि साखर ताब्यात आली. बुटांची नाडी ते स्वतः बांधायला लागले.

रस्त्यात लोक ओळखत नसत. ओळखलं की थांबवून म्हणत, "काय हो, अर्धे झालात." मेस्त्री हसत. घरी येऊन न्हाणीघराचं दार लावत आणि आरशाकडे पाठ करून कपडे काढत.

त्यांना वाटलं होतं, चरबी गेली की खालून तो पंचविशीतला पोरगा निघेल. तसं काही निघालं नाही. पोट गेलं होतं आणि पोटाचं पोतं राहिलं होतं. बेंबीपासून खाली कातडी सैल लोंबत होती, मांड्यांच्या वरपर्यंत आली होती. चालताना ती हलायची, बसताना मांडीवर यायची, झोपताना एका कुशीला सांडायची. दंडांखाली, छातीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूलाही तेच. पण पोटाचं सगळ्यात वाईट. त्या घडीखाली घाम साचायचा, कातडी लाल व्हायची, चिघळायची आणि वास यायचा. मेस्त्री दिवसातून तीनदा धुवायचे, पावडर लावायचे, जुन्या चादरीची पट्टी फाडून घडीत घालायचे. पँट मात्र दोन मापं मोठी घ्यावी लागायची, कारण ते सगळं आत कोंबायचं असे. कमरेला सैल आणि पुढून फुगलेल्या, अशा त्या पँटी.

बायकोला हे माहीत होतं. पण ते दिवा मालवून कपडे बदलायला लागले, तेव्हा तिनं काही विचारलं नाही, आणि तिनं विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. असं वर्ष गेलं.

वजन उतरल्यावर मेस्त्रींनी साहेबांकडे जाऊन शाफ्टचं काम परत मागितलं. साहेबांनी दिलं. पक्कड इतका खूश झाला की त्यानं त्यांची पेटी स्वतः उचलली. पण शाफ्टमध्ये काम करताना अंगावर सुरक्षा पट्टा लागतो. खांद्यावरून, कमरेभोवती आणि दोन्ही जांघांतून तो आवळून घ्यावा लागतो. सैल ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. मेस्त्रींनी तो आवळला आणि कातडीची घडी पट्ट्याखाली चिमटली गेली. दर वाकण्याला चिमटा, दर पायरीला चिमटा. त्यांनी दात खाऊन आठवडा काढला. त्यानंतर घडीखालची जखम पिकली, ताप भरला आणि पक्कडच्या देखत ते लिफ्टच्या छतावर खाली बसले.

"काय होतंय तुला?" पक्कडनं विचारलं.

"काही नाही. चक्कर."

साहेबांनी त्यांना पुन्हा फोनवर बसवलं.

कातडीच्या डॉक्टरांनी जखम बरी केली आणि म्हणाले की ही पुन्हा होणार, घडी आहे तोवर होत राहणार. त्यांनी एका प्लास्टिक सर्जन बाईंचं नाव दिलं. मेस्त्री बिचकले. चेहरे बदलणारे, नाकं सरळ करणारे डॉक्टर ते. तिथे आपण कशाला जायचं? तरी गेले. बाहेरच्या खोलीत सगळ्या बायकाच बसल्या होत्या. एकीनं सरकून जागा दिली, तेव्हा मेस्त्रींना वाटलं, हिला आता सगळं कळलंय.

सर्जन बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांनी पोट तपासलं, घडी उचलून खाली पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं नाही. मेस्त्रींनी हे नीट बघून ठेवलं.

"व्यायामानं जाईल का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. ही चरबी नाही, कातडी आहे. खूप वर्षं ताणलेली कातडी परत आखडत नाही. तुम्ही शंभर जिने चढलात तरी नाही."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही."

"तुमचं काय चुकणार? तुम्ही जे केलंत, त्याचंच हे उरलंय."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत खालून छेद द्यायचा, वरची कातडी खाली ओढून घ्यायची, जास्तीची कापून टाकायची, सैल पडलेले स्नायू शिवायचे, आणि बेंबीला नव्या जागी भोक पाडून बाहेर आणायची. व्रण कायम राहणार. ही वजन कमी करायची शस्त्रक्रिया नव्हे, वजन वाढलं तर सगळं वाया. रक्ताची गुठळी होऊ शकते, आत पाणी साचू शकतं, जखम उशिरा भरू शकते. साखर असलेल्या माणसाची तर हमखास रेंगाळते. तीन महिने जड उचलायचं नाही.

"नट्या करतात तेच ना हे?" मेस्त्री खाली बघत म्हणाले.

"नट्याही करतात," बाई म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका ट्रक ड्रायव्हरचं केलं. त्याला स्टिअरिंग लागत होतं."

घरी येऊन मेस्त्रींनी जेवताना सांगितलं. बायकोचा घास हातातच राहिला.

"मी कधी काही म्हटलं का तुम्हाला?" ती म्हणाली.

"तू नाही म्हटलंस."

"मग कुणासाठी चाललंय हे? चांगला ठणठणीत माणूस, आणि टेबलावर झोपून पोट फाडून घेणार. उद्या काही झालं तर? लोक विचारतील कशानं, तर मी काय सांगू, पोट सपाट करायला गेले होते?"

सासूबाई मधेच म्हणाल्या, "कापलेलं कातडं टाकतात कुठे?"

"आई, तू गप्प बस."

"मी आपलं विचारलं. बरंच निघेल ते."

सासूबाई आयुष्यभर मोज्यांच्या कारखान्यात होत्या. यंत्रांच्या खडखडाटात मोठ्यानं आणि थोडक्यात बोलायची सवय लागली होती, ती गेली नव्हती. मेस्त्रींना त्या 'जावईबापू' म्हणायच्या, मेस्त्री त्यांना 'आई' म्हणायचे, दोघंही एकमेकांना अहोजाहो करायचे. एका घरात इतकी वर्षं राहून त्यांचं बोलणं मीठ द्या आणि दिवा घालवू का, याच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं.

त्या रात्री मेस्त्रींनी दिवा मालवला नाही. बायको खोलीत आली तेव्हा ते सदरा काढून पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी घडी उचलून खालची कातडी तिला दाखवली. कच्च्या मांसासारखी लाल, पट्ट्याच्या दोन काळ्या रेघा, एका जागी अजून ओली. तिनं वाकून जवळून पाहिलं.

"हे कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"लाज वाटली."

ती शेजारी बसली. तिला राग आला होता, पण तो शस्त्रक्रियेचा राहिला नव्हता. "मला वाटायचं, बारीक झाल्यावर तुम्हाला मी नकोशी झाले," ती म्हणाली. मेस्त्रींना हे स्वप्नातही सुचलं नसतं.

पुढच्या वेळी सर्जन बाईंकडे दोघं गेली. प्रश्न सगळे तिनंच विचारले.

कंपनीत मेस्त्रींनी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. पक्कडलाही तेच.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाईंनी त्यांना उभं केलं आणि जांभळ्या पेननं पोटावर रेघा आखल्या. कधी घडी वर उचलून, कधी खाली सोडून, दोन पावलं मागे जाऊन बघून. मेस्त्री समोरच्या कपाटाच्या काचेत स्वतःला बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी ते पूर्ण, दिवसाच्या उजेडात पाहिलं. त्यांना त्याची कीव आली. बिचारी कातडी. एवढं सगळं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं तिनं.

शुद्धीवर आले तेव्हा पाय दुमडलेले, पाठीमागे उशा, पोटाभोवती घट्ट पट्टा, पायात लांब घट्ट मोजे. पोटात कुणीतरी स्क्रू आवळून ठेवल्यासारखं वाटत होतं. पट्ट्याखालून दोन नळ्या बाहेर आल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला मऊ प्लास्टिकचा गोळा. त्यात लालसर पाणी जमत होतं. त्याच संध्याकाळी परिचारिकेनं त्यांना उभं केलं. सरळ होताच येईना. टाके ताणतील म्हणून सरळ व्हायचंही नव्हतं. मेस्त्री कमरेत वाकून, जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे, दारापर्यंत गेले आणि आले.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं. त्यांना हसू आलं आणि हसण्यानं इतकं दुखलं की त्यांनी तिला हात जोडले.

पहिले काही दिवस बायकोनं रजा घेतली. मग तिला दुकानात जावंच लागलं. नळ्या अजून होत्या. दिवसातून दोनदा ते गोळे उघडून पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, किती भरलं ते बघायचं, गोळा दाबून हवा काढून झाकण लावायचं. बायकोनं ते आईला शिकवलं. मेस्त्री म्हणाले, "माझं मी करीन."

दुपारी मेस्त्री पेला घेऊन न्हाणीघरात गेले. आतून कडी लावली. वाकलेल्या अवस्थेत एक हात भिंतीला, एका हातात गोळा, आणि झाकण दातानं उघडायच्या बेतात असताना डोळ्यांपुढे काळोख आला. पेला खाली पडला. ते हळूहळू भिंतीला धरून खाली बसले. बसले ते बसले, उठता येईना.

"जावईबापू," दाराबाहेरून आवाज आला. "कडी काढा."

"ठीक आहे मी."

"पेला पडल्याचं ऐकलं मी. कडी काढा, नाहीतर मी खालच्या सुताराला बोलावते."

मेस्त्रींनी हात लांबवून कडी काढली. सासूबाई आत आल्या, त्यांनी पेला धुतला, खालच्या लहान स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या अंगरख्याचं टोक वर करून गोळा हातात घेतला. मेस्त्रींनी मान भिंतीकडे वळवली. कान तापले होते.

"लाजायचं काही नाही," त्या नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या. "हिचे बाबा अंथरुणाला खिळले होते, ते सगळं मी केलंय. पण ते माझ्यावर खेकसायचे. तुम्ही नुसतं लाजताय, ते परवडलं." मग पेला उजेडाकडे धरून त्यांनी पाहिलं. "कालच्यापेक्षा कमी आहे. रंगही फिका झालाय. चांगलं आहे ना हे?"

"चांगलं आहे."

"मग उठा. माझा खांदा धरा. जोर द्या, मी मोडत नाही."

त्या दिवसानंतर ते सोपं झालं. दुपारी त्या पेला घेऊन यायच्या, काम करायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. मेस्त्रींनी त्यांना लिफ्टचं सांगितलं, वर जाताना पलीकडे तेवढंच वजन खाली कसं येतं ते. त्यांनी मोज्यांचं सांगितलं. टाच विणणं सगळ्यात अवघड, तिथेच नव्या बाया रडतात. त्यांनी मेस्त्रींच्या पायातले मोजे हातानं चाचपून पाहिले आणि म्हणाल्या, "बरे आहेत. आमच्याकडे याहून बरे निघायचे."

नळ्या निघाल्या. मेस्त्री रोज थोडे जास्त सरळ व्हायला लागले. आणि मग मधोमध, छेदाच्या जागी, एक टिकलीएवढा डाग काळा पडला. चार-पाच दिवसांत तो बोटभर झाला आणि तिथली जखम उघडली. सर्जन बाईंनी मेलेली कातडी कापून काढली, आत औषधाची पट्टी भरली आणि सांगितलं, "हे होतं. भरून येईल, पण आतून वर येत येत भरेल. घाई चालणार नाही. साखर जपा."

महिनाभर रोज पट्टी बदलायची. सकाळी बायको बदलायची, संध्याकाळी सासूबाई. मेस्त्रींचं मन खचलं. पट्टी काढली की ते छताकडे बघायचे. "चांगला चालत होतो," ते एकदा बायकोला म्हणाले. "हौसेपायी भोक पाडून घेतलं पोटाला."

"हौस कसली त्यात," बायको म्हणाली. तिनं नवी पट्टी घातली, कडा दाबल्या. "मी दुकानात माणसं बघते. डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणून येतात, आणि चष्म्याची चौकट निवडताना लाजतात. म्हणतात, आम्हाला काय, कुठलीही चालेल. मग तीच चौकट घालून आरशात तीनदा बघतात. त्यात वाईट काय आहे?"

मेस्त्री पुन्हा तसं बोलले नाहीत.

या दिवसांत एका रविवारी पक्कड भेटायला आला. हातात फळांची पिशवी, चेहरा उतरलेला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. कंपनीचं बोलला, नव्या मोटरचं बोलला, मधेच थांबला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मेस्त्रींना कळेना, याला झालंय काय.

सासूबाई पट्टीचं सामान घेऊन आल्या. "तुम्ही बसा, परके नाही," त्या पक्कडला म्हणाल्या. "जखम बघून घाबरू नका. कातडी फार निघाली ना, ताण पडला. दीड हात लांब तुकडा निघाला म्हणे. मी विचारलं होतं बघायला मिळेल का, तर नाही म्हणाले."

मेस्त्रींनी डोळे मिटले.

"कातडी?" पक्कड म्हणाला. "हर्निया ना?"

मेस्त्रींनी मग सगळं सांगितलं. घडी, पट्टा, शाफ्टमधला ताप, सर्जन बाई. सांगताना ते त्याच्या बुटांकडे बघत होते. संपल्यावर हसण्याची वाट बघत राहिले. पक्कड हसला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, मग डोळे पुसले.

"अरे, आम्हाला वाटलं तुला कॅन्सर झालाय," तो म्हणाला.

"कुणाला?"

"सगळ्यांना. एवढं वजन उतरलं. लिफ्टवर खाली बसलास. मग फोनवर गेलास. मग ऑपरेशन, आणि हर्नियाला कुणी इतके दिवस घरी बसतं का? साहेब म्हणाले, त्याला सांगायचं नसेल तर विचारू नका. मी जिन्यात तीनदा माघारी फिरलो आज."

"मी बारीक होण्यासाठी झटत होतो रे."

"ते आम्हाला काय माहीत? तू कधी बोललास? आम्ही आपले म्हणायचो, छान बारीक झालास, आणि मागे वळून एकमेकांकडे बघायचो."

लोक वर्षभर आपल्याकडे कशा नजरेनं बघत होते ते आता लक्षात आलं. चहाला हाक मारताना हळू झालेले आवाज, साहेबांनी न विचारता दिलेली रजा. आपण काहीतरी हलकं लपवत होतो, आणि त्यांनी त्याजागी काहीतरी भलतं जड धरून ठेवलं होतं.

"सांग त्यांना," मेस्त्री म्हणाले. "खरं ते सांग."

"हसतील."

"हसू दे."

पक्कडनं आणलेल्या फळांतलं एक स्वतःच सोलून खाल्लं. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि भूक लागली होती. जाताना दारात थांबून त्यानं आवाज खाली आणला. "माझ्या धाकट्या बहिणीचंही असंच आहे. दोन वर्षांत खूप उतरली. आता कुठे येत नाही, जात नाही. त्या बाईंचा नंबर देशील?"

जखम भरली, पण बाईंनी सांगितल्याप्रमाणे सावकाश. व्रण एका बाजूला सरळ आहे, दुसऱ्या बाजूला टोकाशी थोडी गाठ राहिली आहे. बेंबी मध्यापासून जराशी डावीकडे गेली आहे. बाई म्हणाल्या, पुढे ती गाठ काढू, मांड्यांचं आणि दंडांचंही करता येईल. मेस्त्री म्हणाले, "राहू दे. दंड कुठे चिमटत नाहीत." पोटाचा खालचा भाग अजून बधिर आहे. तिथे हात लावला तर दुसऱ्याच कुणाच्या अंगाला लावल्यासारखं वाटतं. ते परत येईल किंवा येणार नाही, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं.

कामावर ते साडेतीन महिन्यांनी गेले. पक्कडनं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि थोडंफार हसणं झालं होतं, पण ते मेस्त्रींच्या पाठीमागे उरकलं होतं. पहिल्या दिवशी शाफ्टमध्ये उतरण्याआधी त्यांनी सुरक्षा पट्टा घातला आणि आवळला. कुठे काही चिमटलं नाही. खात्री व्हावी म्हणून ते वाकले, पुन्हा सरळ झाले, पुन्हा वाकले. पक्कड म्हणाला, "कवायत झाली असेल तर चला." लिफ्टच्या छतावर उभं राहून त्यांनी दोराला बोट लावलं. एक दोर सैल होता. दोघं कामाला लागले.

फोनची खोली मात्र त्यांनी पूर्ण सोडली नाही. आठवड्यातले दोन दिवस ते स्वतःहून तिथे बसतात. साहेबांना वाटलं होतं सुटले म्हणून खूश होतील. मेस्त्री म्हणाले, अडकलेल्या माणसाशी बोलायला कुणीतरी धीराचं पाहिजे, नवी पोरं फार घाईनं बोलतात.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. मेस्त्रींच्या बायकोनं बाटली हातात घेतली तर सासूबाईंनी डोळा मिटून घेतला.

"तू नको. तुझा हात हलतो."

"माझं कामच डोळ्यांचं आहे, आई."

"ते चष्मे. जावईबापूंना बोलाव."

मेस्त्री हात धुऊन आले. त्यांनी सासूबाईंची हनुवटी जराशी वर केली, खालची पापणी बोटानं ओढून धरली आणि एक थेंब सोडला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि पाणी गालावर ओघळू दिलं.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

"लगेच उघडू नका. असंच बसा थोडा वेळ."

"तुम्हाला आज काम नाही?"

"फोनवर आहे. दुपारनंतर जायचं."

"मग बसा," सासूबाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, आणि मेस्त्रींनी शेजारची खुर्ची ओढून घेतली.